चाकं निवेपर्यंत

आधी हात लावायचा नाही.
आंबोली उतरून गाडी वेंगुर्ल्यात
माझ्या दारात येऊन उभी राहते
तेव्हा तिच्या चाकांना ताप असतो.
थंड पाणी मारलं की डिस्क वाकते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
एका मोरजकरांच्या गाडीनं शिकवलं,
हप्त्याहप्त्यानं.

म्हणून चहा मागवतो
आणि निवेपर्यंत चाकं वाचत बसतो.

वरची तांबडी धूळ, ती बोटानंही जाते.
मिठाची पांढरी रेघ, म्हणजे गाडी पुळणीवर नेली होती.
(विचारलं तर गिऱ्हाईक नाही म्हणतं.)
आणि त्याखाली,
आऱ्यांच्या बगलेत, नटांच्या खोबणीत,
तव्याच्या बुडाला असते तशी
ती काळी.
ब्रेकची.
शाम्पूला दाद देत नाही, फडक्याला हसते.
धूळ म्हणतात, पण ते लोखंड असतं,
तापून उडालेलं
आणि ॲलॉयच्या कातडीत रुतून बसलेलं.

पूर्वी मी संडासाचं ॲसिड मारायचो.
काळं जायचं,
चुना उडाल्यासारखे डाग राहायचे
आणि ते कायमचे.

आता कुडाळला एक औषध मिळतं.
वास नासक्या अंड्याचा,
पण फवारलं की दोन मिनिटांत
काळ्यातून जांभळं सुटतं,
रातांबे फोडताना बाईच्या कोपरापर्यंत येतं
तसं आऱ्यांवरून ओघळतं.
मयूरेश लहान होता तेव्हा ओरडला होता,
बाबा, चाकाला रक्त येतंय.
रक्त नाही रे, आगळ, म्हटलं मी.

आर्मिदाबाय फर्नांडिस, रिटायर नर्स,
साठीत लायसन काढलेलं.
दर पंधरवड्याला बेळगावला बहिणीकडे जातात.
एवढी काळी चाकं मी टुरिस्ट गाड्यांचीही पाहिली नाहीत.
डावं पुढचं तर कोळसाच.
मी एकदा न राहवून म्हटलं,
बाय, सेकंडवर उतरवा, इंजिन धरून ठेवतं,
अख्खा घाट ब्रेकवर उतरतात होय?

त्या स्टुलावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर.
म्हणाल्या,
"मधी कोण ना कोण येता रे.
माकडां असतत. एक म्हातारो होतो, पाठीर लाकडां.
एक शाळेतला चेडू, छत्री नसलेला.
धुक्यात माका कोण दिसना नाय.
थांबलंय काय मगे दिसतत."

मी काही बोललो नाही.
टूथब्रश घेतला, मयूरेशचाच जुना, दात फाकलेला,
आणि नटांच्या भोकात घातला.

नऊ वर्षं मी त्याच घाटात वडाप चालवलं.
साधी लोखंडी चाकं,
पण चकचकीत. अभिमान होता मला.
धुक्यातसुद्धा वेळेत पोचायचो.
एकदा चौदाव्या की पंधराव्या वळणावर
काहीतरी लागलं.
कुत्रं असणार.
मागच्या सीटवरचे म्हणाले, कुत्रंच.
मी थांबलो नव्हतो.

चाकाची आतली बाजू कुणी बघत नाही,
तिचे पैसेही वेगळे मिळत नाहीत.
त्या दिवशी झोपून, हात खांद्यापर्यंत घालून
चारही चाकं आतून घासली.
जांभळं पाणी गटारात गेलं,
गटाराचं खाडीत.
एक ठिपका निघाला नाही.
वार्निशच्या आत गेलेला,
नखाला लागत नाही, बोटाला लागतो.
बायना दाखवला.
"ऱ्हवांदे," म्हणाल्या,
आणि शंभराची नोट जास्तीची ठेवून, मी नको म्हणत असताना,
गाडीत बसल्या.

पहिला गिअर, जरासा हिसका.
फाटकाशी जाऊन
मागचे दिवे तांबडे झाले
आणि बराच वेळ तसेच राहिले.
समोर कोण होतं
मला इथून दिसलं नाही.